बटण लावून दाखव

डिसेंबरात पहाटे साडेचारच्या सुमाराला नरसीत आमच्या मामांच्या अंगणात कुणी पाहुणा चुकून उठून आला, तर त्याला भलतंच दृश्य दिसतं. कुत्री शेपटीत नाक खुपसून पडलेली असतात, गोठ्यातल्या म्हशींच्या नाकातून वाफा निघत असतात, आणि एक साठीचा गृहस्थ नुसत्या बनियनवर दुधाचे भरलेले कॅन उचलून मोटारसायकलला अडकवत असतो. पाहुण्याला वाटतं, काय काटक माणूस आहे! जुनं खाणं, जुनी हाडं. असं म्हणून तो परत गोधडीत शिरतो आणि मामांबद्दलचा त्याचा गैरसमज जन्मभर टिकतो. कारण पुढचा पाऊण तास त्यानं बघितलेला नसतो.

त्या पाऊण तासात मामा कपडे घालतात.

नरसीहून हिंगोली पंधरा-वीस किलोमीटर. गाडीवर अर्ध्या तासाची वाट. अर्ध्या तासाच्या वाटेला पाऊण तासाची तयारी हा हिशोब घरात मामा सोडून कुणालाच पटलेला नाही. मामी चुलीपुढून म्हणते, "नवरदेव बी इतका नटत नाही वं माय." मामा उत्तर देत नाहीत. त्या वेळी त्यांच्या तोंडात मफलरचं एक टोक असतं.

बनियनवर कॅन उचलण्यामागंही शास्त्र आहे. सगळे कपडे चढवून ओझं उचललं की घाम येतो, घामानं बनियन ओलं होतं, आणि ओलं बनियन घेऊन गाडीवर बसलं की वारा ते बनियन हिंगोलीपर्यंत अंगावरच वाळवतो. "घाम आला की हिव दुप्पट," हे मामांचं पहिलं सूत्र. म्हणून आधी कामं, मग अंग कोरडं पुसायचं, मग दुसरं कोरडं बनियन, आणि तिथून पुढं थर.

पहिल्या थराला बनियन, दुसऱ्याला पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. तिसरा थर वर्तमानपत्राचा.

वर्तमानपत्राकडे बघायची मामांची दृष्टी संपादकांनी एकदा ऐकावी अशी आहे. कुठला पेपर कुठल्या पक्षाचा, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. कागद जाड की पातळ, एवढंच ते बघतात. रविवारची पुरवणी त्यांना फार आवडते, कारण ती दुमडून छातीवर नीट बसते. गुळगुळीत कागदाची जाहिरातींची पुरवणी त्यांच्या मते बिनकामाची. ती घसरत घसरत पोटावर येते. अग्रलेखाचं पान छातीला, बाजारभाव पोटाला, खेळाचं पान पाठीला. पेपर कालचा असतो, पण मामा तो आदल्या दिवशी वाचत नाहीत. हिंगोलीला रतीब घालून झाला, ऊन पडलं, की हॉटेलच्या बाकावर बसून एकेक पान अंगातून काढतात, मांडीवर सपाट करतात आणि वाचतात. दमट, कोमट बातम्या. समोरच्यानं "मामा, पेपर द्या बरं जरा" म्हटलं आणि मामांनी स्वेटरात हात घातला, की मागणारा बहुतेक वेळा "राहू द्या, तुमचं होऊ द्या" म्हणतो.

"ऊब कापडात नसती बापू," मामा मला सांगतात. मी पन्नाशीला आलो तरी मामांसाठी बापूच. "ऊब कोंडलेल्या हवेत असती. कापड निस्तं दार लावून बसतंय. पण स्वेटरचं दार जाळीचं. वारं सुसाट आलं की आतली गरम हवा घेऊन जातंय. म्हणून जाळीच्या आत कागद आन् जाळीच्या बाहेर रेनसूट." हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. पुढं मी वाचलं की जुन्या काळी सायकलच्या शर्यतीतले लोक घाट उतरताना जर्सीत वर्तमानपत्र कोंबत. मामांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, "मग? कागद तिकडं बी कागदच असंल की."

चौथा थर मामीनं विणलेल्या स्वेटरचा. त्याची डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं लांब आहे. मामांच्या मते ती मुद्दाम लांब ठेवलीय, कारण डावा हात क्लचवर असतो. मामीच्या मते लोकर उरली होती. पाचवा थर म्हणजे थोरल्या पोराचं कॉलेजातलं जर्किन. त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'लास्ट बेंचर' असं छापलंय. मामा शाळेत खरोखरच शेवटच्या बाकावर बसायचे, तेव्हा त्यात खोटं काही नाही. आणि सहावा, सगळ्यांवर, पावसाळी रेनसूट. वर कोट, खाली पँट.

या रेनसूटनं मामांना जिल्ह्यात कीर्ती मिळवून दिली. जानेवारीत निरभ्र आभाळाखाली रेनसूट घालून चाललेला माणूस दिसला की लोक गाडी थांबवून वर बघतात. "मामा, पाणी यायलंय का काय?" हा प्रश्न त्यांना रोज एकदा तरी येतोच. पहिली काही वर्षं मामा वारा, जाळी, दार सगळं समजावून सांगायचे. आता नुसतं "हाव, यायलंय" म्हणतात आणि पुढं जातात. एका शेजाऱ्यानं त्यांच्या भरवशावर अंगणातली तूर घाईघाईनं गोळा करून घरात भरली होती म्हणे.

पण रेनसूटचा दिवसही एकदा आला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यावर जी गारपीट झाली, ती या भागात कुणी विसरलेलं नाही. उभा गहू, हरभरा जमिनीला मिळाला होता. तेव्हापासून मामा होळी होईपर्यंत रेनसूट घडी करून ठेवत नाहीत. त्यानंतरच्या एका जानेवारीत पहाटे अवकाळी पाऊस कोसळला. रस्त्यावरचे सगळे दूधवाले झाडाखाली, टपरीच्या पत्र्याखाली कुडकुडत उभे. स्वेटर ओला झाला की त्याचं मेंढरू होतं. अंगावर ओझं, ऊब काहीच नाही. आणि तेवढ्या पावसात आमचे मामा आले. बेतानं. एरवी चाळीसनं चालणारी गाडी त्या दिवशी पंधरानं चालली होती, असं बघणारे सांगतात. प्रत्येक झाडापाशी त्यांनी हॉर्न वाजवला. कुणाला काही बोलले नाहीत. नुसतं वर बघितलं आणि मग त्या माणसाकडं बघितलं.

रेनसूट घालायचीही रीत असते. टिनं टाकताना वरचं टिन खालच्यावर चढवतात, तसं अंगावर एकेक चढलं पाहिजे. टोपीवर कॉलर येता कामा नये, कॉलरवर टोपी यावी. पँट बुटाच्या बाहेर, हातमोजा बाहीच्या आत. "पाणी वरून खाली येतंय, त्याला कुठं आत शिरायला जागा द्यायची नाही," एवढंच तत्त्व. माझा एक मित्र भारी कंपनीचे बूट घालून, पँट बुटात खोचून पावसात निघाला होता. मुक्कामी पोचल्यावर त्याच्या बुटातून तांब्याभर पाणी निघालं. मामा म्हणाले, "बूट चांगले हायेत. पाणी गळू दिलं नाही."

पायांच्या बाबतीत मामांनी एक चूक केली आणि ती ते मोकळ्या मनानं सांगतात. एका वर्षी त्यांनी तीन मोजे एकावर एक घालून पाय बुटात ठोकून बसवला. हिंगोलीत उतरले तेव्हा पाय आहेत की नाहीत ते हातानं चाचपून बघावं लागलं. पाय आवळला की रक्त फिरत नाही आणि मोज्यांत हवाही उरत नाही, मग ऊब येणार कुठून? तेव्हापासून एक मोजा, त्यावर किराणा दुकानाची पिशवी, त्यावर ढिला बूट. मामा चालले की पायातून चुरचुर आवाज येतो, जणू कुणी फरसाण आणलंय. नातवंडं दारापर्यंत धावत येतात आणि हिरमुसून परत जातात.

गुडघ्यांसाठी लेगगार्डला खताचा रिकामा कट्टा बांधलेला असतो. पूर्वी त्यावरचं खताचं नाव बाहेरच्या बाजूला असायचं. लोक मामांना खताचा एजंट समजून भाव विचारायला लागले, तेव्हा कट्टा उलटा केला.

हाताचं प्रकरण मात्र वेगळं. हँडलवर बसणारी रेक्झिनची कव्हरं आता कुठंही मिळतात. मुठीला कायमचे मोजे घातल्यासारखी ती गाडीलाच अडकलेली असतात, आपण फक्त हात आत घालायचा. मामांकडं ही कव्हरं बाजारात येण्याआधीपासून होती. ती त्यांनी शिवून घेतली होती. आता नरसी म्हणजे संत नामदेव महाराजांचं जन्मगाव. १२७० साली जन्मलेले महाराज, आणि घराणं शिंप्याचं. मामांचं म्हणणं, या गावात राहून माणूस थंडीनं कुडकुडला तर ती गावाची बेअब्रू आहे. म्हणून ते जुन्या सोफ्याचं रेक्झिन, आतून लावायला फाटक्या ब्लँकेटचा तुकडा आणि स्वतः काढलेला नकाशा घेऊन शिंप्याकडं गेले. शिंप्यानं नकाशा उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, "म्हशीच्या शिंगाला घालायचं का काय हे?" तीनदा उसवून चौथ्यांदा जमलं. त्यातही एक अडचण राहिली. आत हात गेल्यावर इंडिकेटरचं बटण सापडत नाही. त्यामुळे मामांना उजवीकडं वळायचं असेल तर ते मान उजवीकडं वळवतात, आणि मागच्यानं ते ओळखायचं.

मान वळवल्याचं ओळखणंही सोपं नाही. कारण कानात कापसाचा बोळा, त्यावर माकडटोपी, त्यावर मफलरचे दोन वेढे आणि त्यावर हेल्मेट. माकडटोपीसकट डोकं आत जावं म्हणून हेल्मेट दोन नंबर मोठं घेतलंय. हिवाळ्यात ते बरोबर बसतं. उन्हाळ्यात त्यात मामांचं डोकं वाळल्या नारळातल्या खोबऱ्यासारखं खुळखुळतं. मामीनं सांगितलं, पोरांनी सांगितलं, की उन्हाळ्यासाठी मापाचं दुसरं घ्या, असलं ढिलं हेल्मेट वेळेला निघून पडेल. मामा म्हणतात, "बघू." हा माणूस थंडीच्या बाबतीत जितका सावध, तितकाच बाकीच्या बाबतीत 'बघू'वाला आहे. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून कोरडा साबण फिरवून फडक्यानं पुसतात. त्यामुळे मामांच्या चेहऱ्याला दुपारपर्यंत अंघोळीच्या साबणाचा वास येतो, आणि त्यावर विसंबून अंघोळ पुढं ढकलली जाते असा मामीचा जुना आरोप आहे.

एवढं सगळं झाल्यावर मामांना ऐकू येत नाही, वाकता येत नाही आणि खाजवता येत नाही. वाटेत कुणी "राम कृष्ण हरी" म्हटलं तर हॉर्ननं उत्तर. फोन शर्टाच्या खिशात, म्हणजे चार थरांच्या आत. तो वाजला की मामा गाडी कडेला लावतात आणि मक्याचं कणीस सोलावं तसे स्वतःला सोलू लागतात. पेपरापर्यंत पोचेस्तोवर फोन बंद पडलेला असतो. मग सगळं पुन्हा गुंडाळायचं. शेवटचं बटण लागलं की फोन पुन्हा वाजतो. पलीकडं मामी असते. "पोचलाव का?" म्हणून विचारायला. निघायच्या आधी घरचा चहा ते अर्धा कपच घेतात. त्यामागचं कारण सहा थर घातलेल्या कुणालाही समजेल.

गाडीचे लाड वेगळे. रात्री तिच्यावर गोधडी असते. गाडी जुनी आहे, चोकवाली. पहाटे चोक ओढायचा, किल्ली न लावता दोन रिकाम्या किका मारायच्या, मग किल्ली लावून तिसरी किक. "तिला बी उठायला टाइम लागतोय." २०२० पासून नव्या नियमांच्या गाड्या आल्या, कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं आणि चोक संपला. पोरगं म्हणतं, नवी घ्या, बटण दाबलं की सुरू. मामांना ते पटत नाही. जिला थंडी वाजत नाही ती गाडी आपल्याला काय समजून घेणार, असा काहीसा त्यांचा भाव असतो.

मी पुण्याहून गेलो की मामांना विज्ञान सांगतो. एकदा सांगितलं, "मामा, हवामानाच्या सूत्राप्रमाणे बाहेर १० अंश असेल आणि तुम्ही ताशी ५०नं गाडी चालवली, तर अंगाला साडेपाच अंश असल्यासारखं लागतं."

"आन् चाळीसनं चालविली तर?"

मोबाईलवर हिशोब केला. "सहा."

मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजी अर्धा अंश नफा. त्यात पेट्रोल बी वाचतंय." तेव्हापासून ते चाळीसच्या वर जात नाहीत आणि विचारणाऱ्याला, भाच्यानं पुण्याहून हिशोब करून दिलाय, असं सांगतात. हिंगोलीत दूध उशिरा पोचलं तर त्याचा दोष आता माझ्यावर येतो.

परभणीच्या कृषी विद्यापीठात मोजलेलं किमान तापमान हिवाळ्यात पेपरात येतं. मामांसाठी तो रोजचा आकडा म्हणजे राशिभविष्य. पण त्यांचा स्वतःचा नकाशा जास्त बारीक आहे. कयाधूच्या बाजूला रस्ता खाली उतरला की हवा एकदम गार लागते. थंड हवा जड, ती पाण्यासारखी सखल जागी जाऊन साचते. तिथं पोचायच्या आधी मामा कॉलर वर करतात. "प्रल्हादाच्या मायचं नाव हाय नदीला," ते म्हणतात. "पोरगं आगीत बसून आलं, आन् मायजवळ आपल्याला शेकायला काडी नाही." जानेवारी उलटला की मात्र दिवस बरे येतात. हळद काढणी सुरू होते, रस्त्याकडेच्या शेतांत हळद शिजवायच्या भट्ट्या लागतात. त्या वाफेत दोन मिनिटं उभं राहणं हा मामांचा त्या दिवसांतला नेम. शेतकरी ओळखीचा असो नसो, मामा हात पुढं करून उभे राहतात, तो सरकून जागा देतो. हिंगोलीतल्या गिऱ्हाइकांना त्या महिन्यात दुधाला हळदीचा वास येतो की मामांना, हे कधी कळलेलं नाही.

नरसीला पंजाबातून शीख भाविक येतात. महाराज उत्तरेत गेले, पंजाबात घुमानला राहिले. त्यांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. एकदा डिसेंबरात असेच काही भाविक पहाटे देवळापाशी उभे होते, अंगात साधे शर्ट, एखादा हाफ स्वेटर. समोरून मामा आले, संपूर्ण सहा थरांत. त्यातल्या एका वयस्कर सरदारजींनी फार काळजीनं विचारलं, "बाबाजी, तबीयत ठीक है?" मामांना ऐकू आलं नाही. त्यांनी हॉर्न वाजवला. मागाहून कुणीतरी समजावून सांगितलं तेव्हा मामा दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "महाराज तिकडल्या थंडीत ऱ्हायले. पायी हिंडले. आपण गाडीवर बसून रडायलाव." वाटलं, आता एखादा थर कमी होणार. पण मामा पुढं म्हणाले, "पण पायी चालणाऱ्याला वारं लागत नाही तेवढं."

हे सगळं मी वर्षानुवर्षं पुण्यात रंगवून सांगत आलो आणि हशे घेत आलो. मग एका डिसेंबरात हिंगोलीहून पहाटेची गाडी धरायची होती. मामा म्हणाले, रतीबाला जातोच आहे, बस मागं. माझ्या अंगात मॉलमधून घेतलेलं देखणं जॅकेट. मामांनी ते चिमटीत धरून बघितलं. "चांगलं हाय. आतून पेपर घाल." मी हसलो. "मोजे?" मी म्हटलं, खिशात हात घालतो. मामा काही बोलले नाहीत. "कॅनला पाय चिटकवून बस," एवढं मात्र म्हणाले. ताज्या धारेचं दूध कोमट असतं; पिंढरीला दोन्हीकडून शेगड्या लागल्यासारख्या वाटल्या. पण कंबरेवर काही उरलं नव्हतं. कयाधूच्या बाजूच्या त्या सखल भागात माझे दात वाजायला लागले ते मामांना माकडटोपीतूनही ऐकू आले असावेत. त्यांनी गाडी थांबवली, मागं वळून म्हणाले,

"बटण लावून दाखव."

"कसलं?"

"शर्टाचं. वरचं."

मला ते जमलं नाही. बोटं माझीच होती, पण दुसऱ्या कुणाच्या कामावर असल्यासारखी वागत होती. बटण काजाच्या आजूबाजूला फिरत राहिलं. मामा शांतपणे बघत होते. मग त्यांनी स्वेटरात हात घालून पाठीवरचं खेळाचं पान ओढून काढलं, माझ्या जॅकेटात घातलं, हातमोजे काढून दिले आणि म्हणाले, "इंजिनाला हात लाव जरा. लांबून. चिटकवू नको."

ही परीक्षा कुठून आली ते मामीनं सांगितलं. मामांनी कधीच सांगितलं नसतं. गाडी नवी असतानाची गोष्ट. तेव्हा मामा शर्ट, उपरणं आणि तरुणपण एवढ्यावर हिंगोलीला जायचे. एका पहाटे तुरीच्या शेतातून रोही उडी मारून रस्त्यात आलं. मामांनी ब्रेकवर बोटं मिटली, असं त्यांना वाटलं. बोटं मिटलीच नव्हती. रोही निघून गेलं, मामा रस्त्याच्या कडेला खड्ड्यात गेले आणि दोन्ही कॅन आडवे झाले. गुडघा महिनाभर सुजलेला होता. "दूध समदं रस्त्यावर," मामी म्हणाली. "आन् हे तिथं बसून शर्टाचं बटण लावून बघायलेत. लागंना. मला म्हणले, बघ, ब्रेक फेल नव्हता, बोटं फेल होती."

तेव्हापासून घरातून थंडीत गाडीवर निघणारा प्रत्येक माणूस मामांपुढं बटण लावून दाखवतो. रब्बीत शेतीच्या लाईटची पाळी रात्रीची आली की पोरं रात्री बारा-एकला हरभऱ्याला पाणी द्यायला निघतात. मामा गोधडीतूनच ओरडतात, "बटण?" परत येताना पोरांचे पाय चिखलात ओले झालेले असतात, म्हणून कोरड्या मोज्यांची एक जोडी पिशवीत बांधून दिलेली असते. सोलर पंप आले, दिवसा पाणी देता येतंय, ते शेजारी सुखी झाले. मामांच्या पंपाची पाळी अजून रात्रीचीच. जावई, पाहुणे, लग्नाची आमंत्रणं द्यायला आलेले लोक, कुणाची सुटका नाही. एका नव्या जावयानं हे रीतीतलं काही असेल असं समजून बटण लावून दाखवल्यावर मामांच्या पायाही पडला.

मामांची चेष्टा करायची माझी हौस त्या पहाटेनंतर जरा कमी झाली. पुण्यात माझ्या स्कूटरच्या डिक्कीत आता जुन्या पेपरची घडी असते. बायको विचारते, हे कशाला? मी म्हणतो, वाचायला.

गेल्या जानेवारीत माझी लेक सकाळी साडेसहाच्या क्लासला स्कूटीवर निघाली होती. मी दारात आडवा झालो. म्हटलं, "बटण लावून दाखव." ती म्हणाली, "बाबा, टीशर्टला बटण कुठं असतं?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. नरसीला फोन लावला. बराच वेळ वाजला. थर सोलले जात होते. मग मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि क्षणभर विचार करून म्हणाले,

"मग जॅकेटची चेन लाव म्हणावं. एका हातानं."

चेन लागली. मग जाऊ दिलं.